पाचवा आठवडा

सिकंदराबादहून निघून निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना करत मनमाडला पोचणारा रेल्वेमार्ग निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तयार झाला. मराठवाड्याच्या दुखण्याखुपण्याचा ओढा आधीपासूनच हैदराबादकडे होता. गाडीने तो पक्का केला. नांदेडहून निघाल्यावर निजामाबाद, म्हणजे जुने इंदूर, मागे टाकले की डिचपल्ली नावाचे छोटे स्टेशन लागते. इझाबेल केर या मिशनरी डॉक्टरबाईंनी तिथे 1915 मध्ये कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभारले. पुढे जॉन लोव हे इंग्रज डॉक्टर याच रुग्णालयात होते. डिचपल्लीहून ते कलकत्त्याला गेले, तिथून नायजेरियातल्या उझुआकोली इथल्या कुष्ठवसाहतीत. 1949 मध्ये स्मिथ या सहकाऱ्याबरोबर त्यांनी तिथल्या उपचारांचा अहवाल प्रसिद्ध केला. सल्फोन गटाच्या डॅप्सोन या नव्या औषधाने कुष्ठरोग हटतो आहे, ही त्यातली आनंदाची बातमी होती. त्याच अहवालात त्यांनी आणखी एक नोंद केली. काही मोजक्या रोग्यांना औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी ताप येतो, अंगभर पुरळ उठते, गळ्या-काखेतल्या गाठी सुजतात. 1951 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑलडे आणि बार्न्स यांनी याच प्रकाराला ‘डॅप्सोन सिंड्रोम’ असे नाव दिले. कुष्ठरोगाच्या इतिहासात ही तळटीप म्हणून येते. नांदेड-लातूरच्या बाजूने पाहिले तर तिला तळटिपीहून जास्त जागा द्यावी लागते, आणि का ते या लेखात सांगायचे आहे.

आधी ही प्रतिक्रिया नेमकी काय असते ते पाहू. डॅप्सोन हे रसायन 1908 सालीच जर्मनीत तयार झाले होते. कुष्ठरोगावर ते लागू पडते हे कळायला पुढची चाळीसेक वर्षे लागली. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याचा फारसा त्रास होत नाही. शंभरात एखाद-दोघांना मात्र ते सोसत नाही, आणि ते लगेच कळत नाही. पहिल्या दिवशी काही होत नाही, पहिल्या आठवड्यातही नाही. साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या दरम्यान अंग मोडून ताप येतो, खाज सुटते, चेहऱ्यापासून पायापर्यंत पुरळ पसरते, साल निघू लागते आणि डोळे पिवळे पडतात, कारण यकृतही सुजलेले असते. तेव्हाच गोळी थांबवली आणि स्टिरॉइड दिले तर माणूस बहुधा वाचतो. गोळी चालूच राहिली तर वाचेलच याची खात्री नाही. जगभरातल्या नोंदी एकत्र पाहिल्या तर अशी प्रतिक्रिया आलेल्या दहांपैकी जवळपास एक जण दगावलेला दिसतो. या सगळ्यात ध्यानात ठेवण्यासारखे आहे ते वेळापत्रक. प्रतिक्रिया कोणाला येईल हे सांगता येत नव्हते, पण कधी येईल हे 1950 पासून बऱ्यापैकी माहीत होते. म्हणून माझे म्हणणे असे की प्रतिक्रिया दुर्मिळ असणे हा औषधाचा गुणधर्म झाला. तिच्यातून माणूस वाचणे किंवा न वाचणे हे त्या विशिष्ट आठवड्यांत त्याच्या कातडीकडे कोणी पाहत होते की नाही यावर ठरले, आणि उपचारांची व्यवस्था ज्या दिशेने वाढत गेली त्यात ते पाहणे हळूहळू कमी होत गेले.

डिचपल्लीच्या जुन्या उपचारापासून सुरुवात केली तर हे दिसते. तेव्हा औषध म्हणजे तेल: चालमुग्रा, किंवा आपल्या सह्याद्रीत होणाऱ्या कडू कवठाच्या बियांचे. सुश्रुतसंहितेतही कुष्ठावर तुवरकाचे तेल सांगितले आहे, तो याच कुळातला वृक्ष. पोटात घेतले की उमासे येत, म्हणून 1920 च्या दशकात कलकत्त्याच्या अर्नेस्ट म्यूर यांनी त्याची टोचण्याची पद्धत रूढ केली आणि केरबाईंनी ती डिचपल्लीत आणली. हे टोचणे म्हणजे मोठा सोहळाच असे. तेल जाड, सुई जाड. काही वेळा चट्ट्याच्या कडेने कातडीतच शेजारी शेजारी बारीक बारीक टोचे मारत जायचे, प्रत्येक टोच्याला फोडासारखा फुगवटा येईपर्यंत. दंड सुजे, गळू होई, ताप येई. आठवड्याने पुन्हा तेच. औषधाचा गुण बेताचाच, आज ते कोणी वापरत नाही. पण त्या पद्धतीत एक गोष्ट आपोआप घडत होती. टोचायचे म्हणजे रोग्याला अंगावरचे कपडे काढून डॉक्टरसमोर, निदान कंपाउंडरसमोर, बसावेच लागे. मागच्या आठवड्याचा टोचा कुठे पिकला, कुठे नवे चट्टे उठले, हे पाहिल्याशिवाय पुढचा टोचाच मारता येत नसे. औषध देणारा आणि कातडी पाहणारा एकच माणूस होता.

लोव यांना उझुआकोलीत ही प्रतिक्रिया दिसली याचे कारणही तेच. तिथले रोगी वसाहतीत राहत. औषध समोर दिले जाई आणि ताप आला तर तो त्याच आवारात येई. शिवाय आरंभी मात्रा मोठी होती, दिवसाला दोन-तीनशे मिलिग्रॅमपर्यंत, त्यामुळे औषधाच्या दुष्परिणामांवर सगळ्यांचेच बारीक लक्ष होते. आपल्याकडे मद्रासजवळच्या चेंगलपट्टूला रॉबर्ट कॉक्रेन यांनी 1946-47 च्या सुमारास डॅप्सोनची इंजेक्शने सुरू केली, तीही रुग्णालयातच. थोडक्यात, या दुष्परिणामाचे ज्ञान चार भिंतींच्या आत जन्माला आले. गोळी मात्र पुढे भिंतींबाहेर गेली, आणि तिने बाहेर जाणेच योग्य होते. रोज एक गोळी, किंमत नगण्य, सुई नाही, गळू नाही. एका पिढीत कुष्ठाश्रमांची गरज संपवू शकेल असे औषध कोंडून ठेवणे हाच अन्याय ठरला असता. क्षयरोगाच्या बाबतीत मद्रासच्या केंद्राने 1959 मध्ये दाखवून दिले की घरी गोळ्या घेणारा रोगी सॅनेटोरियममधल्या रोग्याइतकाच बरा होतो. त्या काळाचा कलच तो होता आणि तो बरोबर होता.

महाराष्ट्रात या कलाला आकार दिला तो वर्ध्याने. 1951 मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचे डॉ. र. वि. वारदेकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी तिपेडी पद्धत घडवली. घरोघर जाऊन रोगी शोधायचे, गावाला समजावायचे आणि गावातच गोळ्या द्यायच्या. 1955 च्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. वीस-पंचवीस हजार लोकसंख्येमागे एक अवैद्यकीय सहाय्यक नेमला जाऊ लागला. सायकलवर फिरणारा, खांद्याला पिशवी, पिशवीत गोळ्या आणि रजिस्टर. या माणसांचे उपकार महाराष्ट्राने पुरेसे मानलेले नाहीत. पण त्यांच्यामागे काय उभे होते तेही पाहायला हवे. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आला. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याच साली निघाले, पण ते नांदेडपासून अडीचशे किलोमीटरवर. अंबाजोगाईचे निघाले सत्तरच्या दशकाच्या मध्यावर. लातुरात डॉ. अशोक कुकडे आणि सहकाऱ्यांनी 1966 मध्ये विवेकानंद रुग्णालय सुरू केले, तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. जिल्हा झाला 1982 मध्ये. नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यायला 1988 उजाडले आणि लातूरला 2002. म्हणजे गोळी गावात पोचली आणि त्या गोळीने उठलेले पुरळ ओळखणारा त्वचारोगतज्ज्ञ सरकारी दवाखान्यात बसू लागला, या दोहोंच्या मध्ये कुठे तीस तर कुठे चाळीस वर्षे गेली. औषधाची वाट आणि तज्ज्ञाची वाट एकत्र चाललीच नाही.

आता पुराव्यातली एक विचित्र गोष्ट. 1950 च्या आसपास डॅप्सोन सिंड्रोमचे अहवाल येतात, मग पंचवीसेक वर्षे फार थोडे येतात, आणि 1980 नंतर पुन्हा वाढतात. मधल्या काळात प्रतिक्रिया खरोखरच कमी झाली होती काय? तसे मानायला एक कारण आहे: त्या काळात मात्रा अगदी थोडीपासून हळूहळू चढवत नेण्याची रीत होती. पण ही प्रतिक्रिया मात्रेवर फारशी अवलंबून नसते असेच आज मानतात. दुसरी शक्यता मला अधिक पटते. कुष्ठरोग हा कातडीवर दिसणारा रोग. त्यात उपचार चालू असताना चट्टे लाल होऊन सुजणे, गाठी उठणे, ताप येणे हे रोगाचेच एक वळण असते, त्याला लेप्रा रिअ‍ॅक्शन म्हणतात. कार्यकर्त्यांना ठासून शिकवले गेले की अशा वेळी गोळ्या बंद करायच्या नाहीत, आणि लेप्रा रिअ‍ॅक्शनच्या बाबतीत ती शिकवण योग्यच होती. औषधाने उठलेल्या पुरळाला मात्र नेमकी उलटी आज्ञा लागू पडते. दोन्हींत ताप आणि दोन्हींत अंगावर उठलेले काहीतरी. एकात गोळी चालू ठेवायची, दुसऱ्यात त्याच दिवशी थांबवायची. हा भेद तज्ज्ञालाही कधी चकवतो. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या, पंधरा दिवसांनी वा महिन्याने गावात येणाऱ्या माणसावर तो सोपवला गेला होता. त्यात आपली कातडी सावळी. पुस्तकातला तांबूस रंग तिच्यावर तितका उमटत नाही. खाज, साल निघणे आणि सुजलेला चेहरा यांवरूनच ओळखावे लागते.

रोग्याच्या बाजूलाही या गोष्टीचे स्वतःचे स्पष्टीकरण तयार होतेच. गोळी गरम पडली, पित्त उठले, अंगावर गांधी आल्या, पथ्य मोडले, वांगे खाल्ले. आमसुलाचे पाणी चोळायचे, सब्जा घ्यायचा, दोन दिवस बघायचे. या समजुतींना हसण्यात अर्थ नाही. औषध आणि पुरळ यांचा संबंध ‘गरम पडली’ म्हणणाऱ्याने बरोबर जोडलेला होता. सरकारी कागदावर तो संबंध लिहायला रकानाही नव्हता. अडचण पथ्याच्या कल्पनेत होती, कारण तिच्यामुळे दोष औषधाकडून रोग्याच्या ताटाकडे सरकत असे. मग तो माणूस गोळी मुकाट्याने बंद करी आणि पुढच्या फेरीला घरात सापडत नसे. रजिस्टरात तो गैरहजर किंवा उपचार सोडलेला म्हणून चढे. त्या रकान्यातले बहुतेक लोक कंटाळून, कामासाठी स्थलांतर करून, लाजेने किंवा बरे वाटले म्हणून गेले असणार. त्यात पुरळ उठल्यामुळे गेलेले, आणि पुरळाने मेलेले, मुळीच नव्हते असे मात्र मला मानता येत नाही. मोजलेच नाही त्याला कमी म्हणणे सोपे असते.

1980 च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. एकट्या डॅप्सोनला जंतू जुमानेनासे झाले होते. मलेशियात 1964 मध्येच त्याचा पुरावा मिळाला होता. जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधे एकत्र द्यायला सांगितली, भारताने 1983 पासून ती टप्प्याटप्प्याने जिल्ह्यांत नेली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत देश व्यापला. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात इतकी यशस्वी योजना क्वचितच सापडेल. तिचे दृश्य रूप म्हणजे ते अठ्ठावीस दिवसांचे पाकीट. जास्त चट्टे असलेल्या प्रौढाच्या पाकिटात पहिल्या दिवसासाठी रिफाम्पिसिनच्या दोन, क्लोफाझिमिनच्या तीन मोठ्या आणि डॅप्सोनची एक, अशा गोळ्या-कॅप्सुला असतात. त्या गोळ्या कार्यकर्त्यासमोर गिळायच्या. उरलेल्या सत्तावीस दिवसांसाठी रोज डॅप्सोनची एक पांढरी गोळी आणि क्लोफाझिमिनची एक छोटी कॅप्सूल. क्लोफाझिमिनने कातडी तांबूस-काळी पडत जाते, ती बरेच महिने तशीच राहते, आणि मूळच्या सावळ्या रंगावर पुरळ ओळखणे आणखी अवघड होते. आता वेळापत्रक जुळवून पाहा. पहिले पाकीट संपते अठ्ठाविसाव्या दिवशी. दुसरे हाती पडते ते पाचव्या आठवड्याच्या तोंडावर. डॅप्सोनची प्रतिक्रिया ज्या काळात डोके वर काढते, नेमक्या त्याच काळात रोगी आणि कार्यकर्ता समोरासमोर येतात. 1915 नंतरच्या या सगळ्या इतिहासात व्यवस्थेने नकळत दिलेली ही सर्वांत मोठी संधी आहे. त्या भेटीत सदरा काढायला सांगितला आणि तापाबद्दल विचारले तर ती भेट जीव वाचवते. पाकीट देऊन सही-अंगठा घेतला तर तीच भेट उलटी पडते, कारण तापलेल्या माणसाच्या हाती पुढच्या अठ्ठावीस गोळ्या जातात. 1989 मध्ये ‘लेप्रसी रिव्ह्यू’मध्ये रिचर्डस आणि स्मिथ यांनी बहुविध औषधोपचारानंतर डॅप्सोनच्या अशा प्रतिक्रिया वाढल्याचे दाखवले. खरोखर वाढल्या, की महिन्याची भेट नियमित झाल्यामुळे दिसू लागल्या, हा प्रश्न उरतो. माझ्या मुद्द्याला दोन्ही उत्तरे चालतात.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही संख्याच इतकी लहान आहे की तिच्यासाठी व्यवस्था हलवणे परवडणारे नाही. समजा एखाद्या जिल्ह्यात वर्षाला तीनशे नवे रोगी उपचाराला लागले, तर प्रतिक्रिया येणार तिघा ते सहा जणांना. खरेच थोडे. पण याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. एका कार्यकर्त्याच्या वाट्याला वर्षाला दहा-पंधरा नवे रोगी आले तर त्याला असा रोगी पाच-सहा वर्षांतून एकदा दिसणार. म्हणजे अनुभवातून शिकण्याची वाटच बंद. रोज दिसणारा दुष्परिणाम कोणी शिकवला नाही तरी माणूस शिकतो; क्वचित दिसणारा शिकवावाच लागतो, कागदावर लिहून द्यावाच लागतो. संख्या लहान आहे म्हणून सोडून द्या, असे नव्हे; संख्या लहान आहे म्हणूनच प्रशिक्षणात त्याला जागा द्यायला हवी होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो कळकळीने काम करणाऱ्यांचा आहे. पुरळाची भीती घातली तर लोक गोळ्याच टाकतील, रोग पसरेल, बोटे झडतील, आणि एकाला वाचवायला जाऊन शंभरांचे नुकसान होईल. एकट्या डॅप्सोनवर भिस्त होती तोवर या म्हणण्यात वजन होते, कारण ते थांबवल्यावर हाती फारसे काही उरत नव्हते. बहुविध औषधोपचाराने ती अडचण संपवली. डॅप्सोन सोसले नाही तर ते एकटे काढून उरलेल्या औषधांवर उपचार पुढे नेता येतात. ज्यांना दोनच औषधे चालू असतील त्यांना डॅप्सोनच्या जागी क्लोफाझिमिन देता येते. म्हणजे रोग्याला खरे सांगितले तर त्याचा उपचार थांबत नाही. न सांगता घाबरून त्याने स्वतःच सगळे बंद केले तर मात्र थांबतो. आणि जुन्या कुष्ठाश्रमांचे गोडवे गायचे म्हणून हे लिहिलेले नाही. तिथे कातडीवर नजर होती, पण तिथून घरी परतायची वाट बहुतेकांना नव्हती.

अलीकडे आणखी एक गोष्ट घडली. 2013 मध्ये झांग फुरेन आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी दाखवले की ज्यांच्या रक्तात एचएलए-बी 13:01 हे जनुकीय रूप असते त्यांनाच ही प्रतिक्रिया बहुतांशी येते. नंतर त्यांनी दीड हजारांच्या आसपास रोग्यांची आधी तपासणी केली, ज्यांच्यात ते रूप होते त्यांना डॅप्सोन दिलेच नाही, आणि उरलेल्यांत एकालाही प्रतिक्रिया आली नाही. लोव यांना न सुटलेले कोडे, ‘कोणाला’ येईल हे, अखेर सुटले. हे रूप भारतीयांतही आढळते. तरी किनवट, मुखेड किंवा निलंग्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी उद्या होईल अशी आशा धरून बसता येणार नाही. तोवर ‘कधी’ हेच हाताशी आहे, आणि ते फुकट आहे.

औषधांच्या दुष्परिणामांवर पाळत ठेवण्याची जगाची रीत थॅलिडोमाइड या औषधाच्या 1961 च्या अनर्थातून सुरू झाली. गंमत म्हणावी की दैवयोग, तेच थॅलिडोमाइड पुढे कुष्ठरोगातल्या एका प्रकारच्या लेप्रा रिअ‍ॅक्शनवर उपयोगी ठरले. भारताचा औषधदक्षता कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला आणि वैद्यकीय महाविद्यालयांतून त्याची केंद्रे निघाली. मात्र डिसेंबर 2005 मध्ये देशाने सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचे निर्मूलन साधले, त्या सुमारास स्वतंत्र कुष्ठरोग यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली, आणि चाळीस वर्षे फक्त चट्टेच पाहत आलेले ते जुने सहाय्यक एकेक करून निवृत्त झाले. नोंद करायला यंत्रणा आली तेव्हा पाहणारे डोळे कमी झाले होते. आता पाकीट बऱ्याचदा आशाताईंच्या हातून घरी पोचते. त्यांच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे. त्यात आणखी एक रजिस्टर नको. दुसरे पाकीट देण्यापूर्वी चार प्रश्न पुरेत: ताप आला का, अंगाला खाज आहे का, साल निघते का, डोळे किंवा लघवी पिवळी झाली का. यातल्या एकाचेही उत्तर हो आले तर पाकीट द्यायचे नाही, रोग्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचे. नांदेड आणि लातूरच्या कुष्ठरोग कार्यालयांनी एवढे चार प्रश्न प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर मराठीत लावावेत. आणि वाचकांपैकी कोणाच्या घरी कुठलेही नवे औषध सुरू झाल्यावर तापाबरोबर पुरळ उठले, तोंड आले किंवा डोळे लाल झाले, तर आमसूल चोळून दोन दिवस वाट पाहू नये; गोळीचे पाकीट सोबत घेऊन दवाखाना गाठावा. तिथे नोंद होत नसेल तर 1800-180-3024 या औषधदक्षता कार्यक्रमाच्या निःशुल्क क्रमांकावर ती रोग्याला किंवा नातेवाइकाला स्वतःही करता येते.